चुंबकी ड्रिल आणि साखळी

अखाजी सरली की खान्देशात औजारांच्या दुरुस्तीची घाई सुरू होते. ट्रॉलीचा सांगाडा, नांगराचा दांडा, रोटाव्हेटरची चौकट, सारे मृगापूर्वी तयार हवे. म्हणून जळगाव-धुळ्याकडील दुकानांतून रात्रीपर्यंत काम चालते. जाड लोखंडास भोक पाडण्यासाठी कारागीर चुंबकी ड्रिल वापरू लागले, तर ते आम्ही इष्टच समजतो. गॅसने पाडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी व कठीण होते, बोल्ट ढिला बसतो आणि भरल्या ट्रॉलीच्या हिसक्यांनी तेथूनच तडा जाऊ लागतो. ड्रिलचे भोक गोल व नेमके पडते. तथापि हे यंत्र ज्या गुणाने उपयोगी, त्याच गुणाने घातकही आहे.

१८२५ साली विल्यम स्टर्जन याने विद्युत्-चुंबक करून दाखविला. प्रवाह असेतोपर्यंत तो लोखंड धरतो, प्रवाह तुटताच सोडतो. चुंबकी ड्रिलचा पाया हाच होय. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. उभ्या चॅनेलवर वा डोक्याच्या वर यंत्र लावलेले असता वीज गेली, तर ते अवजड धूड थेट माणसावर येते. यास उपाय एकच: यंत्रासोबत मिळणारी साखळी कामाच्या लोखंडाभोवती ढील न ठेवता आवळणे. ही साखळी दुकानाच्या खुंटीस टांगलेली दिसावी, यापरते दुर्दैव नाही.

दुसरी गोष्ट पकडीची. गंज, रंगाचे थर किंवा लोखंडाचा कीस चुंबकाखाली राहिल्यास पकड बरीच कमी होते. सुमारे १२ मिलिमीटरहून पातळ पट्टीवर चुंबक पुरता धरत नाही; तिच्याखाली दुसरी जाड पट्टी घ्यावी. त्याच लोखंडावर त्या वेळी वेल्डिंग चालू नसावे. डोळ्यांस चष्मा हवा. मात्र हातमोजे, उपरणे व सैल बाह्या फिरत्या कटरापाशी नकोत. कीस हाताने न काढता यंत्र थांबवून ब्रशाने काढावा. भोक पुरे होताच मधला तप्त गाभा खाली पडतो, तेथे कोणी उभे नसावे.

कायद्यावर विसंबून भागणार नाही. १९४८ चा कारखाना अधिनियम झाला, तेव्हा तो सामान्यतः यंत्रशक्ती व दहा कामगार असलेल्या जागांनाच लागू होता. दोघा-तिघांचे दुकान त्याबाहेर राहिले. कारागीर म्हणतात, साखळी बांधण्यात वेळ जातो व गिऱ्हाईक थांबत नाही. हे उत्तर खोटे नाही, आणि म्हणूनच ते आम्हा शेतकऱ्यांस लागते. पेरणीची घाई आमची, जीव मात्र कारागिराचा, हा न्याय नव्हे. काम टाकताना मजुरीची घासाघीस आपण करतोच. तेवढ्याच आग्रहाने ‘आधी साखळी, मग भोक’ असे सांगावे. त्यास लागणारी पाच मिनिटे मृग खचित देईल.