फुकटचं लिनक्स तुमच्या दुकानाला चालेल का?

नवीन धंदा सुरू करणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, नागपूरहून जुना कॉम्प्युटर आणतोय. विंडोज 11 त्यावर बसत नाही म्हणतात. लिनक्स टाकू का? फुकट आहे म्हणे." व्हिडिओत या प्रश्नाला तीन मिनिटं दिली, पण विषय तेवढ्यात मावणारा नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधी हा प्रश्न आत्ताच का उठला ते बघा. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, त्यापुढे नाही. आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, सोबत टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप. आता आपल्याकडे कंपन्यांतून निघालेले जे सेकंडहँड कॉम्प्युटर येतात, ते बहुतेक चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीचे. मशीन धडधाकट असते, अजून पाच वर्षं आरामात काढेल. पण विंडोज 11 अधिकृतपणे तिला दारात उभं करत नाही.

आता खरं बोलू. आपल्या जिल्ह्यात लिनक्सची स्पर्धा विकतच्या विंडोजशी नाहीच. ती आहे क्रॅक विंडोजशी. आमगाव घ्या, देवरी घ्या, कॉम्प्युटर बसवणारा पोरगा तीनचारशे रुपयांत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून देतो. मग लिनक्स फुकट आहे याचं कुणाला काय कौतुक? सगळंच फुकट आहे!

घरात खेळायला कॉम्प्युटर असेल तर तो तुमचा प्रश्न. दुकानात असेल तर कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 63-बी वाचा. माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, अशी सवलत त्यात आहे. म्हणजे ती सवलत नेमकी तुम्हाला नाही. पोलीस उद्या सकाळी येतील असं मी म्हणत नाही. पण क्रॅक चालावा म्हणून तो पोरगा अँटिव्हायरस बंद करून जातो, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं खातं उघडता. मला कैदेपेक्षा याची भीती जास्त वाटते.

सरळ मार्गाने विंडोज 11 घ्यायचं तर साधारण दहा हजारांच्या घरात जातं. जुनी मशीनही जवळपास तेवढ्यातच येते. 30-40 हजारांच्या भांडवलात हे दहा हजार म्हणजे शिलाईची एक मशीन, किंवा किराण्याचा पहिला माल. म्हणून हा प्रश्न मला फालतू वाटत नाही.

आता लोक म्हणतात, "लिनक्स इंजिनियर लोकांचं काम, आपल्याला काय जमणार." हे मला पटत नाही. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावरच उभा आहे, आणि तो तुमची आजीही चालवते. केरळमधल्या सरकारी शाळांत 2000 च्या दशकाच्या मध्यापासून मुक्त सॉफ्टवेअर चालतं. तिथले शिक्षक, पोरं कुणी इंजिनियर नव्हते. आपल्याच सी-डॅकने 2007 मध्ये बॉस नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स काढलं. लिनक्स मिंट तर दिसायलाही जुन्या विंडोजसारखं: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. एमएस-सीआयटी केलेली मुलगी त्यावर बसवली तर दोन दिवसांत हात बसतो.

मग केरळमध्ये चाललं आणि आपल्याकडे का अडतं? तिथे मागे माणसं होती. शिक्षकांना ट्रेनिंग मिळालं, बिघडलं तर सांगायला जागा होती, आणि सगळ्यांकडे एकच सिस्टीम होती. सालेकशात तुम्ही एकटे आहात. प्रिंटर अडला तर ज्या पोराला बोलवाल तो म्हणेल, "सर, हे काढून टाका, विंडोज मारून देतो." आणि अर्ध्या तासात तुमचा डेटा फॉरमॅट. कॉम्प्युटर न येणारा माणूस लिनक्सवर अडत नाही हो, एकटा पडलेला माणूस अडतो.

म्हणून माझं मत धंदा बघून बदलतं.

खानावळ, ब्युटी पार्लर, शिकवणी वर्ग, छोटं किराणा, पापड-लोणच्याचा गृहउद्योग: बिनधास्त टाका. तुमचं काम काय? बिल लिहिणं, हिशेबाची शीट, व्हॉट्सॲप वेब, ईमेल, उद्यम नोंदणी, जीएसटी पोर्टल. हे सगळं ब्राउझरमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये होतं. जीएसटी रिटर्न एकट्या मालकाच्या धंद्याला ओटीपीने भरता येतं, डिजिटल सहीचं टोकन लागतंच असं नाही. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये नीट चालतं, फोनेटिकही आहे.

झेरॉक्स-टायपिंगचं दुकान असेल तर नको. गिऱ्हाईक पेन ड्राइव्हमध्ये वर्डची फाइल आणतं, कुणी कृतिदेवमध्ये टाइप केलेलं, कुणी श्रीलिपीत. लिब्रेऑफिसमध्ये ओळी सरकतात, टेबल फाटतं, आणि गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडे बघतं. रिमिंग्टनवर हात बसलेला जुना टायपिस्टही कुरकुर करणार. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकावाल्यांनी तर विचारही करू नका. इंकस्केप चांगलं आहे, मी नाकारत नाही, पण बाजार कोरलड्रॉच्या फाइलवर चालतो.

सेवा केंद्र टाकायचं असेल तर अंगठ्याचं मशीन, त्याची आरडी सर्व्हिस, ठरावीक प्रिंटर, हे सगळं विंडोज धरून येतं. ऐन वेळी लाडक्या बहिणींची रांग दारात उभी असताना तुम्ही ड्रायव्हर शोधत बसणार का? फक्त आधारवरून पैसे काढून द्यायचे असतील तर अँड्रॉइड फोनवरही काम भागतं, तेवढं लक्षात ठेवा. राइस मिलचा, धर्मकाट्याचा हिशेब असेल तर काटा विकणाऱ्याला विचारा, त्याचं सॉफ्टवेअर कशावर चालतं. बहुधा उत्तर विंडोजच येईल.

आणि टॅली. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. लिनक्सवर जुगाड करून चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीला जुगाड नको. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं फ्रॅपे बुक्स फुकट आहे, लिनक्सवर चालतं, लहान धंद्याला पुरतं. तरी आधी एक फोन तुमच्या सीएला करा. तो म्हणाला, "मला टॅलीचाच डेटा द्या," तर विषय संपला. तो म्हणाला, "एक्सेल शीट दिली तरी चालेल," तर तुमचे दहा हजार वाचले. कॉम्प्युटर घ्यायच्या आधी हा फोन लोक करत नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

प्रिंटरचं वेगळं सांगतो, कारण पैसा तिथे अडकतो. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो कॅननचा एलबीपी 2900. काटक मशीन, पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर भलताच त्रास देतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात, एप्सनचे टाकीवालेही चालतात. तुमच्याकडे 2900 आधीच असेल तर लिनक्सचा हिशेब नव्याने मांडा.

ज्यांचा धंदा "बिनधास्त टाका"मध्ये बसतो त्यांनीही लगेच फॉरमॅट मारू नका. 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू होतो, आतल्या विंडोजला धक्काही लागत नाही. थोडं हळू चालेल, पण प्रिंटर लागतो का, वाय-फाय पकडतो का, जीएसटी पोर्टल उघडतं का, मराठी उमटते का, एवढं तपासायला पुरेसं आहे. दोन-तीन दिवस रोजचं काम त्यावर करून बघा. शक्यतो दुकान मंद असतं त्या दिवसांत. गोंदियात धानाचे चुकारे यायला लागले की बाजाराला गर्दी होते, तेव्हा हे प्रयोग करू नका.

आणि ज्याच्याकडून मशीन घेताय त्याला पैसे द्यायच्या आधी विचारा, "लिनक्स टाकल्यावर अडलं तर येशील का?" हो म्हणाला तर त्याचा नंबर भिंतीवर लिहा, आणि वर्षाचे हजार रुपये वेगळे ठरवून टाका. पेन ड्राइव्ह कसा बनवायचा ते व्हिडिओत पावलापावलाने दाखवलंय. त्याआधी हिशेबाच्या फाइल आणि फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवा, आणि तो ड्राइव्ह दुकानात ठेवू नका, घरी न्या.