बारा सेकंदांसाठी चार तास

"आले, आले" असा आवाज डावीकडून लाटेसारखा सरकत आला. आधी सायरन, मग दोन मोटारसायकली, एक गाडी. त्यानंतर रंगांचा एक पट्टा समोरून गेला आणि वाऱ्याचा झोत गालाला लागला. संपलं! माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं आणि अस्सल वर्ध्याच्या सुरात विचारलं, "बस, एवढंच? यासाठी रात्रभर गाडीत बसून आलो का बे आपण?"

ही गोष्ट २०२६मधली. २३ जानेवारीला 'बजाज पुणे ग्रँड टूर'चा शेवटचा दिवस होता. १९ ते २३ जानेवारी, पाच दिवस, पुणे जिल्ह्यातले सव्वाचारशेपेक्षा जास्त किलोमीटर. जागतिक सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या '२.२' श्रेणीतली भारतातली ही पहिली टप्प्याटप्प्यांची शर्यत. यातला पहिला '२' म्हणजे अनेक दिवसांची शर्यत आणि दुसरा '२' म्हणजे तिचा वर्ग. आणि नावातल्या 'बजाज'चं मूळ तर आपल्याच गावात, जमनालाल बजाज वर्ध्यातच वाढले. जायला एवढं कारण पुरेसं होतं.

पण खरं सांगते, सायकल शर्यत 'बघायची' कशी असते, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. चार तास उभ्या राहिलो, बारा सेकंद बघितलं आणि त्या बारा सेकंदांत मी एक मोठी चूक करता करता वाचले. ती चूक पुढे सांगतेच. त्याआधी, पुढच्या वेळी तुम्ही जाल तेव्हा काय करायचं ते.

आधी थोडं गणित

सपाट रस्त्यावरच्या फिनिशला सायकलस्वार ताशी ६० किलोमीटरच्या वर असतात. म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. बॅरिकेडला उभं राहून तुम्हाला दोनशे मीटर रस्ता दिसत असेल, तर तुमचा सगळा 'शो' बारा सेकंदांचा! तुमच्या एका स्टोरीपेक्षाही कमी.

हेच गणित दुसऱ्या बाजूने बघा. समोर अचानक कुणी आलं, तर ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंतच सायकल पंधरा-सोळा मीटर पुढे गेलेली असते. त्यात मागचा सायकलस्वार पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर असतो, कारण पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो आणि ताकद वाचते. त्यामुळे एक पडला की मागच्यांना वळायला जागाच नसते. पुण्यात २० जानेवारीला, पहिल्याच टप्प्यात, अरुंद रस्त्यावर हेच झालं. सायकलस्वार एकावर एक कोसळले आणि शर्यत काही वेळ थांबवावी लागली. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेलच.

उभं कुठे राहायचं?

सगळ्यांना फिनिश लाइनच हवी असते. तिथे सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात कमी दृश्य. बाजूने बघताना कोण आधी पोचलं तेही धड कळत नाही, कारण निकाल पुढच्या चाकाच्या टायरची कड रेषेला कधी लागली त्यावर ठरतो आणि त्यासाठी फोटो-फिनिशचा कॅमेरा लागतो.

त्यापेक्षा रेषेच्या दोनशे-तीनशे मीटर अलीकडे थांबा. वेगाचा शेवटचा स्फोट तिथे होतो. आतापर्यंत दुसऱ्याच्या मागे लपलेला माणूस तिथे बाहेर पडतो. आणखी अलीकडे गेलात तर शेवटचा एक किलोमीटर राहिल्याची लाल खूण दिसेल. तिथे संघ आपापल्या स्प्रिंटरसाठी रांग लावतात, ते डावपेच बघण्यासारखे असतात.

घाट असेल तर घाटच निवडा. मुंबई-पुणे सायकल शर्यत बघणारी जुनी मंडळी बोरघाटात का जाऊन बसायची आणि 'घाटाचा राजा' या किताबाचं एवढं कौतुक का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. चढावर वेग कमी असतो, घोळका फुटलेला असतो, चेहरे दिसतात, धापा ऐकू येतात. वर्तुळाकार मार्ग असेल तर तेच सायकलस्वार दोन-तीनदा समोरून जातात. आणि वैयक्तिक वेळेची फेरी असेल तर एकेक जण ठरावीक अंतराने येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला ही फेरी सगळ्यात सोपी, कुणाला बघायचं हा गोंधळच नाही.

वेळ, बाजू, पाणी

अशा शर्यतींचं वेळापत्रक सहसा वेगाच्या दोन-तीन अंदाजांवर काढलेलं असतं: हळू गेले तर इतक्या वाजता, जोरात गेले तर इतक्या वाजता. तुम्ही जोरातली वेळ धरा. रस्ता त्याच्या कितीतरी आधी बंद होतो, म्हणून दोन तास हाताशी ठेवा.

रस्त्याची कुठली बाजू, हे आधीच ठरवा. एकदा रस्ता बंद झाला की पलीकडे जाता येत नाही. परतीची बस, मेट्रो किंवा स्टेशन ज्या बाजूला, त्याच बाजूला उभ्या राहा. आम्ही सावली बघून उलट्या बाजूला उभ्या राहिलो आणि नंतर भला मोठा वळसा घातला. तास-दोन तासांनी सावलीही सरकली, ते वेगळंच. दुपारचं फिनिश असेल तर ऊन पाठीवर येईल अशी जागा बघा.

सोबत पाणी, टोपी, शेंगदाणे-गूळ किंवा काहीतरी खायला. स्वच्छतागृह कुठे आहे ते गर्दी वाढायच्या आधी बघून ठेवा, मुलींनो विशेषतः. गर्दीत नेटवर्क दगा देतं, त्यामुळे "कॉल करते, मग भेटू" यावर राहू नका. भेटायची जागा आणि वेळ आधी बोलून ठेवा. इअरफोन काढून ठेवा, कारण शर्यत डोळ्यांआधी कानांना कळते.

माझा हात

आता ती चूक. घोळका येतोय म्हटल्यावर मी फोन धरलेला हात बॅरिकेडच्या वरून पुढे काढला. समोरून अँगल बरा मिळेल, एवढंच डोक्यात. शेजारच्या स्वयंसेविकेने माझं मनगट धरून मागे ओढलं. "ताई, हात आत!" मला राग आला. दोन सेकंदांनी आमच्या बाजूने एक जण गेला, बॅरिकेडला जवळजवळ घासून.

रात्री गाडीत तो व्हिडिओ हळू करून बघितला. अर्धी फ्रेम तिच्या बाहीने भरलेली आणि बाकी सगळं धूसर. पण त्या माणसाचा खांदा जिथून गेला, तिथेच आधी माझा हात होता, एवढं स्पष्ट दिसत होतं. त्याने मान खाली घातलेली होती. मी त्याला दिसलेच नसते. त्यानंतर मला लवकर झोप लागली नाही.

हे फक्त नवख्यांचंच होतं असं नाही. १९९४च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये आर्मांतिएर गावातल्या फिनिशला बंदोबस्तावरचा एक पोलीसच फोटो काढायला रस्त्याकडे झुकला. बेल्जियमचा विल्फ्रिड नेलिसन पूर्ण वेगात त्याच्यावर आदळला आणि फ्रान्सचा लोराँ जलाबेर त्यात गंभीर जखमी झाला. १९९९मध्ये आल्प द्युएझच्या घाटात फोटो काढणाऱ्या प्रेक्षकाने सगळ्यात पुढे असलेल्या ज्युसेप्पे ग्वेरिनीलाच पाडलं. तो उठून जिंकला, हे त्याचं नशीब. २०२१मध्ये एक तरुणी आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठा टीव्हीच्या कॅमेऱ्याला दाखवत, सायकलस्वारांकडे पाठ करून उभी राहिली. त्या पुठ्ठ्याला एक जण धडकला आणि मागचे डझनावारी सायकलस्वार कोसळले. न्यायालयाने तिला १,२०० युरो दंड केला.

तिन्ही वेळा कुणाचाही हेतू वाईट नव्हता. तिघांनीही शर्यतीऐवजी कॅमेऱ्याकडे बघितलं. म्हणून नियम साधा आहे: बॅरिकेडच्या पलीकडे तुमचं काहीही जाता कामा नये. हात नाही, फोन नाही, सेल्फी स्टिक नाही, झेंड्याची काठी नाही, ओढणीचं टोकही नाही. शर्यतीकडे पाठ करून सेल्फी तर नाहीच. फुलं उधळायचा मोह होईल, आपल्याकडे स्वागताची रीतच ती. पण वळणावर पाकळ्या चाकाखाली आल्या की चाक घसरतं. जोश दाखवायचा तर टाळ्या आहेत, थाळी आहे, घसा आहे. सोबत लहान भाचा असेल तर त्याचा हात धरा. कुत्रा घरीच ठेवा.

हा शंकरपट नाही

आपल्याकडे शंकरपट बघत मोठे झालेल्यांना हे जास्त सांगावं लागेल. तिथे लोक धावपट्टीला चिकटून उभे असतात आणि बैलजोडी जवळ आली की मागे होतात. आयत्या वेळी मागे व्हायची सवय आपल्या अंगात मुरलेली आहे, आणि तिथेही ती सवय दरवेळी सुखरूप सुटत नाहीच. सायकलच्या बाबतीत ती अजिबात चालत नाही. सायकलला खुरांचा आवाज नसतो. घोळका रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापतो, आणि 'आली' हे कळेपर्यंत ती येऊन गेलेली असते. यूसीआयच्या नियमात फिनिशच्या आधी किमान ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर बॅरिकेड लावायला सांगितलं आहे, ते याचसाठी. पण ११० किलोमीटरच्या टप्प्यात ते ४०० मीटर म्हणजे किती? उरलेल्या बहुतेक रस्त्यावर बॅरिकेड म्हणजे तुम्हीच.

आणखी एक. पहिला घोळका गेला म्हणजे शर्यत संपली, असं समजून लोक लगेच रस्त्यावर उतरतात. आम्हीही निघालोच होतो. पण मागे संघांच्या गाड्या असतात, रुग्णवाहिका असते आणि मागे पडलेले सायकलस्वारही असतात. कुणी दहा मिनिटांनी, कुणी वीस मिनिटांनी येतं. शर्यतीची शेवटची गाडी जाईपर्यंत थांबा. आमच्यासमोरून अगदी शेवटी एक जण एकटाच आला, कोपर सोललेलं, जर्सी फाटलेली. त्याला पूर्ण बघता आलं, त्याच्यासाठी टाळ्या वाजवता आल्या. त्याने मान हलवली. मैत्रीण म्हणाली, "हे भारी होतं." तोपर्यंत अर्धी गर्दी पांगली होती.

रस्ता कुणाचा?

या शर्यतीसाठी पुणे जिल्ह्यातले कितीतरी रस्ते नव्याने गुळगुळीत झाले. "सायकलवाल्यांसाठी होतात, मग आमच्यासाठी का नाही?" हा पुणेकरांचा प्रश्न चुकीचा नाही. रस्ते बंद झाले की कुणाचा पेपर असतो, कुणाला दवाखान्यात जायचं असतं, कुणाची भाजीची गाडी अडकते. मला वाटतं, सुरक्षेचा अर्धा प्रश्न इथेच आहे. बंद रस्ता ओलांडणारा प्रत्येक जण हुल्लडबाज नसतो. अनेकदा तो शर्यत बघायला आलेलाच नसतो, तो फक्त अडकलेला असतो. त्याला कुठून जायचं ते आधी नीट कळलं असतं तर तो मधे आला नसता. त्यामुळे आयोजकांनी नुसता मार्ग जाहीर करून भागत नाही, पर्यायी रस्ताही गल्लीगल्लीत पोचवायला हवा. आणि आपण बघायला गेलेल्यांनी शेजारी पिशवी घेऊन घाईत उभ्या असलेल्या काकांना "अजून गाड्या यायच्यात, थांबा" एवढं तरी सांगायला हवं.

कारण हा खेळ बघायला तिकीट लागत नाही. क्रिकेटच्या खेळाडूपासून तुम्ही किती लांब बसता, ते आठवून बघा. इथे जगातले खेळाडू हातभर अंतरावरून जातात आणि मधे फक्त एक लोखंडी जाळी असते, कधी तीही नसते. हा मोकळेपणा आयोजक देतात ते आपल्या भरवशावर. भरवसा मोडला की जाळ्या वाढतात, लोक लांब ढकलले जातात आणि बघण्यासारखं फारसं उरत नाही.

परतल्यावर पवनारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सायकल मारणारी पोरं दिसली. धाम नदीच्या पुलाशी थांबून ती चहा पीत होती. उद्या अशी एखादी शर्यत इकडे, विदर्भात आली, तर हीच पोरं रस्त्याच्या कडेला उभी असतील. मी पण असेन. हात आत ठेवून.