सराफ्याकडे वळण्याआधी

गांधीबागेतल्या अग्रसेन चौकात उभं राहिलं की एका हाताला मेयो रुग्णालय आणि दुसऱ्या हाताला इतवारीचा सराफा. दोन्हीकडे पायी जाता येतं. आमच्या ओळखीची एक बाई त्या दिवशी सराफ्याकडे वळली. तिचं नाव सांगायचं कारण नाही. घरी साड्यांना फॉल-पिको करून देते, नवरा होलसेल कापडाच्या दुकानात सेल्समन. तीन आठवडे त्याचा ताप हटत नव्हता, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर निळे डाग पडले होते. रक्त तपासलं आणि रिपोर्ट हातात देताना लॅबवाल्यानेच सांगितलं, आजच्या आज मोठ्या डॉक्टरला दाखवा. ब्लड कॅन्सर निघाला.

एका खासगी रुग्णालयाने भरती करण्याआधी डिपॉझिट मागितलं. हिने दोन बांगड्या, पोत आणि मुलीच्या कानातले विकले. अकरा दिवसांत एक लाख पंच्याऐंशी हजार गेले. बाराव्या दिवशी वॉर्डातल्या आयाने सहज विचारलं, "रेशनकार्ड नाही का तुमच्याकडे?" होतं ना! केशरी कार्ड घरातल्या स्टीलच्या डब्यात, लाइट बिलांच्या खाली होतं. त्या कार्डावर तिथे योजनेतून उपचार होऊ शकत होते. ते पुढे झालेही. पण आधी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, कारण योजना कॅशलेस आहे. मंजुरीच्या आधी स्वतः भरलेल्या बिलाला ती लागू होत नाही.

"ताई, सोनं गेलं त्याचं काही नाही. पन मले कोनी सांगतलंच नाही ना," ती म्हणाली. हे 'सांगतलंच नाही' माझ्या मनातून जात नाही. म्हणून आजचं हे लिहिणं.

मैत्रिणींनो, कॅन्सर म्हटलं की आपल्या घरांत पैशाची जुळवाजुळव एका ठरलेल्या क्रमाने होते. आधी घरातलं सोनं, मग नातेवाईक, मग सावकार किंवा पतसंस्था, आणि सगळे रस्ते संपले की सरकारी योजना. हा क्रम उलटा करायला हवा. मदतीचे बहुतेक दरवाजे उपचाराआधी उघडे असतात आणि बिल भरलं की बंद होतात.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचंच बघा. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. १ जुलै २०२४ पासून ही रक्कम पाच लाख झाली आणि शुभ्र कार्डवालेही तिच्यात आले. म्हणजे 'आम्ही काही गरीब नाही, आम्हाला कुठलं मिळतं' म्हणणाऱ्या घरांनासुद्धा आता विचारायला हरकत नाही. रक्ताच्या कॅन्सरची केमोथेरपी योजनेत आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो; भरतीच्या खिडकीआधी त्याचं टेबल शोधायचं. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार योजनेतून होतो ते १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकांवर विचारता येतं. रुग्ण गंभीर असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन कागद मागाहून देता येतात. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी आजारी असेल, तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता वेगळं आयुष्मान कार्ड निघतं.

हे कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं ते नाही, हेही कबूल करते. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली तरी सुनेचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढलेलं नसतं. माहेरच्या कार्डावरून ते कधीच कमी झालेलं असतं. आधारवर एक आडनाव, कार्डावर दुसरं. नवरा आजारी पडला तर त्याचं नाव सगळीकडे नीट असतं. बाई आजारी पडली की मग ही धावपळ. तापाने फणफणलेल्या बाईचा नवरा पुरवठा कार्यालयाच्या रांगेत उभा आहे, हे दृश्य मी पाहिलंय. हा लेख वाचून एवढं एक काम केलंत तरी पुरे: घरातल्या रेशनकार्डावर तुमचं आणि मुलांचं नाव आहे का, आणि त्याची अक्षरं आधारशी जुळतात का, ते आज संध्याकाळी काढून बघा.

रक्ताच्या कॅन्सरचा खर्च आणखी एका बाबतीत वेगळा असतो. एक ऑपरेशन झालं, बिल भरलं, घरी आलो, असं इथे होत नाही. पहिल्या महिन्यात पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. महागड्या अँटिबायोटिक्सचा खर्च कधीकधी केमोच्या औषधांच्याही वर जातो. प्लेटलेट्स लागतात. एका दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट्सची एक पिशवी दहा हजारांच्या आसपास, आणि अशा किती लागतील ते कुणी आधी सांगू शकत नाही. लहान मुलांच्या ल्युकेमियात तर उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. त्यातला बराच काळ घरी गोळ्या आणि अधूनमधून दवाखाना असा असतो. मूल खेळायला लागतं, गाल भरतात, आणि नेमकी तिथेच गडबड होते. 'आता बरा दिसतो' म्हणून घरचे थांबतात, कारण हातचा पैसा संपलेला असतो. पूर्ण उपचार झालेली बहुतेक मुलं बरी होऊ शकतात असा हा आजार आहे, आणि बसभाड्यापायी तो अर्ध्यावर सुटावा!

बसभाड्यावरून आठवलं. मुंबईला टाटाला जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत. रुग्णालयाने भरून दिलेला फॉर्म आरक्षणाच्या खिडकीवर द्यावा लागतो. विदर्भ एक्स्प्रेसने पूर्ण तिकीट काढून जाणारे किती रुग्ण मला भेटले! तिकडे राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्या अमरावतीच्या बाबांचं नाव परक्या शहरात असं भेटतं. अर्थात दर वेळी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. आपल्याकडे तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे (राष्ट्रसंत स्वतः १९६८ साली याच आजाराने गेले), मेडिकल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभं राहिलंय. पहिलं मत इथे घ्यावं आणि मुंबईला जायचं की नाही ते इथल्याच डॉक्टरांना विचारावं.

गांधीबाग-इतवारीत दुकानांत काम करणाऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट तपासायला हवी. नवऱ्याच्या किंवा तुमच्या पगारातून ईएसआयसीची कपात होते का? होत असेल तर सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय तुमचं आहे. तिथे होत नाही तो उपचार ते पुढे दुसऱ्या रुग्णालयात पाठवून करून देतात. त्याहून मोलाचं म्हणजे, पुरेशी सलग नोकरी झालेल्या कामगाराला कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. औषधाची सोय होईल हो, पण घरातली चूल? ती या ८० टक्क्यांवर चालते. आमच्या या बाईच्या नवऱ्याच्या दुकानात ही कपातच नव्हती. शेठ भला माणूस, त्याने वीस हजार हातावर ठेवले. भलेपणाबद्दल काही म्हणणं नाही, पण कपात केली असती तर त्या माणसाला दोन वर्षं आपल्या हक्काचं मिळालं असतं.

योजनेत न बसणाऱ्या उपचारांसाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे. तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार आणि रेशनकार्ड जोडून अर्ज करायचा. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात आणि झालेल्या खर्चाची भरपाई इथेही नाही. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ट्रस्टचं रुग्णालय आहे का, हे विचारायला लाजायचं नाही.

आता विम्याकडे वळू, कारण मध्यमवर्गीय घरांचा भरवसा तिथे असतो. 'आमची पॉलिसी आहे ना' असं म्हणणाऱ्या दहा जणींना मी विचारलं, ती कुठे ठेवलीय? सात जणींनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. पाच लाखांची पॉलिसी आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे पाच हजार, असेल आणि तुम्ही आठ हजारांची खोली घेतली, तर फक्त वरचे तीन हजार तुमच्या अंगावर येतात असं समजू नका. डॉक्टरांची फी, नर्सिंग यांतही त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधं आणि तपासण्यांना मात्र ती लावता येत नाही. २०२० पासून तसा नियम आहे, बिलात लावली असेल तर भांडा. केमोसाठी रात्रभर भरती असावंच लागतं असंही नाही, ती डे-केअरमध्ये धरतात. गोळ्यांच्या केमोला वेगळी मर्यादा असू शकते, ती आधी वाचून ठेवा.

आणि 'क्रिटिकल इलनेस' म्हणून एकरकमी पैसे देणारी जी पॉलिसी एजंट दिवाळीच्या सुमारास गळ्यात मारतो, तिच्या बारीक अक्षरांत एक ओळ असते. ल्युकेमिया कॅन्सरमध्ये धरला जातो, पण क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया तिसऱ्या टप्प्याच्या आतला असेल तर पैसे नाहीत. वयस्कर माणसांना होणारा हा प्रकार सुरुवातीला कित्येक वर्षं हळू चालतो, म्हणजे निदान झालं तरी दावा बसत नाही.

फॉर्म भरताना शुगर, बीपी लपवू नका. आधीच्या आजाराला आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'तुम्ही सांगितलं नव्हतं' म्हणून दावा नाकारता येत नाही. नाकारलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही की विमा लोकपाल. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही.

कागदाने काय होतं, असं कुणी म्हणेल. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा एके काळी अस्थिमज्जा बदलल्याशिवाय न हटणारा आजार. २००१ मध्ये त्यावर इमॅटिनिब ही रोज घ्यायची गोळी आली. नोवार्टिसच्या ग्लिवेकचा महिन्याचा खर्च एक लाख वीस हजारांच्या घरात, आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. कंपनी बऱ्याच रुग्णांना ती फुकट देत होती, हे खरं. पण पेटंट मिळालं असतं तर स्वस्त गोळी बाजारातून गेली असती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयाने अर्ज फेटाळला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी तिथेही कंपनी हरली. आज कापडाच्या गाठी उचलणारा माणूस ही गोळी घेऊन कामावर जाऊ शकतो, त्याच्यामागे रुग्णांच्या संस्थेने केलेला तो अर्ज आहे.

सगळं कागदाने सुटत नाही, हेही सांगायला हवं. अस्थिमज्जा प्रत्यारोपण पाच लाखांत बसत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून घडवलेली कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. परदेशातल्या कोट्यवधींच्या मानाने ती स्वस्त, तरी तीस-चाळीस लाखांच्या घरातली. तिथे सरकारनेच हात पुढे करायला हवा. आणि एक मागणी आपणही करायला हवी: ज्या टेबलावर 'तुम्हाला कॅन्सर आहे' असं सांगितलं जातं, त्याच टेबलावर आरोग्यमित्राचा नंबर का दिला जात नाही? रिपोर्टबरोबर एक छापील चिठ्ठी द्यायला कितीसा खर्च येतो?

ती बाई परवा भेटली. नवरा आता गोळ्यांवर आहे, अर्धा दिवस दुकानात जातो. पोत अजून घडवलेली नाही, गळ्यात काळे मणीच आहेत. हातात प्लास्टिकची निळी फाइल होती. भंडाऱ्याहून आलेली एक पोरगी, कडेवर दोन वर्षांचं मूल, वॉर्डाबाहेर रडत बसली होती, तिच्याजवळ ही खाली बसली आणि म्हणाली, "रडशील मंग. आधी सांग माय, रेशनकार्ड आनलं का?"