पोकळी राखणाऱ्या पेशी

पुण्यात पाषाणला ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत डॉ. मयूरिका लाहिरी यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या पेशी मऊ जेलीसारख्या थरात वाढवतात. एकेक पेशी विभागत जाते आणि सोळा ते वीस दिवसांत तिचा आतून पोकळ असा इवलासा गोळा होतो. स्तनातल्या दुग्धग्रंथीची घडण अशीच असते. डीएनएला इजा करणारी रसायने दिली, की ही घडण कशी बिघडते, याचा शोध तिथे घेतला जातो.

गोळा सुरुवातीला भरीव असतो. बाहेरच्या पेशी भोवतीच्या पातळ पटलाला घट्ट धरून असतात आणि त्या धरण्यातूनच त्यांना जगत राहण्याचा संदेश मिळतो. मधल्या पेशींपर्यंत पटल पोहोचत नाही. त्यांचा संदेश तुटतो आणि त्या ठरल्या क्रमाने मरून जातात. राहते ती पोकळी. हार्वर्डमधल्या जोन ब्रुगी यांच्या गटाने २००२ साली हे उलगडून दाखवले. त्यातली एक बाब फार मोलाची आहे: पेशींचे मरण नुसते रोखले, तर पोकळी व्हायला उशीर होतो इतकेच. ती भरलेलीच राहायची, तर वाढीचा रेटाही लागतो.

हा रेटा कुठून येतो, याचे एक उत्तर कित्येक घरांत बायॉप्सीच्या कागदावर छापलेले असते: ‘हर-टू’, म्हणजे पेशीवरचा वाढीचा संदेश घेणारा संदेशग्राही. ब्रुगी यांच्याच गटाने २००१ मध्ये तयार पोकळ गोळ्यांत तो चालू केला. शांत बसलेल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या, पोकळी भरून गेली, पण पेशी गोळ्याबाहेर पडल्या नाहीत. नलिकेत पेशी दाटलेल्या, बाहेरची भिंत मात्र शाबूत, अशा पहिल्या पायरीच्या कर्करोगाचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र याच्याशी जुळते.

असल्या संशोधनाचा सामान्य माणसाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी कमल रणदिवे यांच्याकडे पाहावे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या जीवशास्त्रज्ञ अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून तपासला. पेशी शरीराबाहेर जगवायची ही विद्या इथे रुजली; त्याच विद्येने आज पाषाणला पोकळ गोळे वाढवले जातात. अशा कामाला दर वर्षी नव्याने आपली उपयुक्तता सिद्ध करायला लावणे हा अन्याय आहे.

पण सगळे जनुकांवरच ठरत नाही, हे अमेरिकेतल्या मीना बिसेल यांनी दाखवले. १९९७ साली त्यांच्या गटाने कर्करोगाच्या पेशींचा भोवतालच्या पटलाशी चाललेला एक संदेश प्रतिपिंडाने अडवला. जनुकांतला बिघाड तसाच राहिला, पण पेशी शिस्तबद्ध गोळ्यांत मांडल्या गेल्या. म्हणजे पेशीच्या वागण्यात शेजाराचाही वाटा असतो. रोग झालेल्या बाईला ‘घराण्यातच होतं’ एवढ्यावर गप्प बसवणाऱ्या नातेवाइकांनी हे ऐकायला हवे.

प्रयोगशाळेपासून वस्तीपर्यंतचे अंतर मात्र प्रशिक्षित हातच कापू शकतात. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. दोन दशकांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. छत्तीसगढमध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याशेजारी, जामुलच्या सिमेंट कारखान्याभोवती राहणाऱ्या मराठी, छत्तीसगढी कुटुंबांतल्या बायकांनाही ती मिळायला हवी. तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. गरज आहे ती जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणाऱ्या शिकलेल्या सेविकेची, आणि गाठ लागली तर त्याच आठवड्यात बायॉप्सी होण्याची.