हलकी बंदूक, भारी धक्का

अमेरिकेत सशाच्या शिकारीसाठी पंपाची बंदूक ‘हलकी, शिवाय धक्का न देणारी’ हवी, असा हट्ट धरला जातो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमापुढे तो टिकत नाही. काडतूस तेच, तर बंदूक जितकी हलकी तितका खांद्यावरचा आघात अधिक! मग नवशिक्याला ‘४१० बोर’ द्यावी काय? मुळीच नव्हे. तिच्या अर्ध्या औंसाच्या छर्ऱ्यांनी ससा पुष्कळदा मरत नाही. जायबंदी होऊन झुडपात तडफडतो. सुमारे ६ पौंडांची २० बोर घ्यावी आणि काडतूस ७/८ औंसाचे, पण मंद वेगाचे वापरावे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीस मनाई आहे. जेथे ती कायदेशीर आहे, तेथे प्राण्यास तत्काळ मरण देणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. खांद्याचे सुख त्यानंतर!