उभा चिरलेला पूल

टेक्सासमधील डेनिसन आणि ओक्लाहोमामधील ड्युरंट या दोन गावांच्या मधून रेड नदी वाहते. नाव तांबड्या गाळावरून पडलेले. या भागात दोन राज्यांची हद्दही तीच. इथे नदी ओलांडायची तर पैसे मोजायचे, हा रिवाज जुना आहे. एकोणिसाव्या शतकात बेंजामिन कोलबर्ट या चिकसॉ जमातीतील गृहस्थाची नावेची तर इथे चालत असे. १८५८ पासून बटरफिल्ड कंपनीच्या टपालगाड्या तिच्यावरूनच पलीकडे जात. पुढे त्याने पूल बांधला, तो १८७६च्या पुराने नेला. पूल गेला तरी रिवाज टिकला. १९३१ मध्ये, नंतर इथे झालेल्या पुलावर, रेड रिव्हर ब्रिज कंपनी ही खासगी कंपनी टोल घेत होती.

त्याच साली दोन्ही राज्यांनी खर्च वाटून घेऊन शेजारी दुसरा पूल पुरा केला. त्यावर टोल नव्हता. हाकेच्या अंतरावर फुकट वाट असताना नाक्यावर सुटे पैसे काढणारा प्रवासी मिळणे कठीण, हे कंपनीला कळत होतेच. तिचे म्हणणे असे की टेक्सासच्या हायवे कमिशनने जुलै १९३० मध्ये आपला पूल ६०,००० डॉलरला विकत घेण्याचे कबूल केले होते. शिवाय ठरलेल्या १४ महिन्यांच्या मुदतीत नवा पूल खुला झाल्यास उरलेल्या प्रत्येक महिन्यामागे १०,००० डॉलर द्यायचे होते. पैसे काही आले नाहीत. १० जुलै १९३१ रोजी कंपनीने ह्यूस्टनच्या फेडरल कोर्टाकडून नवा पूल खुला करण्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला.

कराराच्या पैशांसाठी पूल कशाला अडवायचा, साधा वसुलीचा दावा लावता आला असता, असे वाटणे साहजिक आहे. पण अमेरिकेत राज्यावर पैशांचा दावा लावायला त्या राज्याचीच परवानगी लागते. ऋणकोने संमती दिल्याशिवाय धनकोला कोर्टाची पायरी चढता येऊ नये, असा हा प्रकार. वसुलीची वाट बंद होती, म्हणून कंपनीने पुलाची वाट बंद केली. मनाई हुकूम पाळायचा म्हणून टेक्सासचे गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी नव्या पुलाच्या टेक्सासकडच्या तोंडाशी अडथळे उभे केले. हे स्टर्लिंग पूर्वी त्याच हायवे कमिशनचे अध्यक्ष होते.

पलीकडच्या काठावर ओक्लाहोमाचे गव्हर्नर विल्यम मरी होते. लोक त्यांना ‘अल्फाल्फा बिल’ म्हणत; अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडची लसूणघास. तिकडचा गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, निवडून येतो आणि राज्याचे नॅशनल गार्ड हे राखीव सैन्य त्याच्या हुकमात असते. मरी यांना या दुसऱ्या गोष्टीचा फार अभिमान होता. चार वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी गार्डला ४७ वेळा बाहेर काढले. १६ जुलैला त्यांनी हुकूम काढून पूल खुला केला. युक्तिवाद असा: निम्मा पूल ओक्लाहोमाचा आहे, पण तो निम्मा भाग आडवा मोजायचा नाही, उभा मोजायचा. काकडी मधोमध आडवी कापली तर एक तुकडा पलीकडच्याला जातो. उभी चिरली तर दोघांच्याही हाती या टोकापासून त्या टोकापर्यंत फोड येते. जोडीला १८०३च्या लुइझियाना खरेदीचा दाखला होता: त्या कराराने नदीचे दोन्ही काठ आमचेच. शिवाय मनाई हुकमात ओक्लाहोमाचे नावच नव्हते. शेवटचा मुद्दा तेवढा खरोखर वकिली होता.

हद्दीचा मुद्दाही अगदीच हवेतला नव्हता. स्पेनशी १८१९ मध्ये झालेल्या तहाने सीमा नदीच्या दक्षिण काठावर ठरली होती आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच उचलून धरले होते. म्हणजे पाणी ओक्लाहोमाचे, दक्षिण काठ टेक्सासचा. मरी यांना मात्र काठही हवा होता.

ओक्लाहोमाच्या रस्ते खात्याच्या माणसांनी पूल ओलांडून अडथळे मोडून टाकले. त्याच रात्री टेक्सासचे रेंजर्स, म्हणजे राज्याचे सशस्त्र पोलीस, आले, सगळे मिळून तीन, आणि अडथळे पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मरी यांनी टोलपुलाकडे जाणारा आपल्या बाजूचा रस्ताच उखडून टाकला. आता एका पुलावर अडथळे आणि दुसऱ्यापुढे खणलेली माती. दोन पूल असलेल्या जागी नदी ओलांडण्याची सोय उरली नाही.

२० आणि २१ जुलैला डेनिसन व शर्मन इथे लोकांनी सभा घेऊन पूल उघडण्याची मागणी केली. २३ जुलैला टेक्सासच्या विधिमंडळाने कंपनीला राज्यावर दावा लावण्याची परवानगी देणारे विधेयक मंजूर केले. जे आधीच करता आले असते, ते रेंजर्स बोलावून झाल्यावर केले. कंपनीने मनाई हुकूम उठवायला संमती दिली आणि २५ जुलैला मोफत पुलावरून गाड्या सुरू झाल्या.

मरी यांची लढाई मात्र संपायला तयार नव्हती. टोलपुलाचा रस्ता अडवू नका, असे ओक्लाहोमातल्या मस्कोगीचे फेडरल कोर्ट २४ जुलैला त्यांना बजावणार, त्याच्या काही तास आधी त्यांनी दोन्ही पुलांच्या उत्तर टोकांशी जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर लष्करी कायदा पुकारला. लष्करी कायद्याखाली सेनापती कोर्टाच्या वर, हा त्यांचा हिशेब. हे सेनापती जुनाट रिव्हॉल्व्हर घेऊन स्वतः ‘रणभूमी’वर हजर झाले. मोफत पूल कायमचा बंद करण्याचा डाव असल्याचे सांगून २७ जुलैला त्यांनी तो कायदा दक्षिण काठावरच्या सीमाखुणेपर्यंत वाढवला आणि टेक्सासच्या वर्तमानपत्रांना ‘आक्रमण’ हा शब्द मिळाला. ६ ऑगस्टला ह्यूस्टनच्या कोर्टाचा मनाई हुकूम कायमचा रद्द झाला. गार्डचे जवान तिथून ओक्लाहोमाच्या तेलविहिरींवर, दुसऱ्या एका लष्करी कायद्याच्या कामाला गेले.

हद्द नेमकी कुठली, यावर दोन्ही राज्यांचा करार २००० साली लागू झाला: दक्षिण काठावर जिथे झाडोरा सुरू होतो ती रेष. लढाईतला मोफत पूल त्याआधीच, डिसेंबर १९९५ मध्ये, सुरुंग लावून पाडण्यात आला होता. त्याच्या जागी बांधलेल्या पुलावरही टोल नाही.