विश्लेषण : मोबाइलमधला लोकलचा पास खरा कशावरून?

कल्याणहून दादरकडे निघालेल्या वातानुकूलित लोकलमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये तिकीट तपासनीसाला एका प्रवाशाच्या मोबाइलमधील मासिक पासविषयी शंका आली. पास दिसायला अगदी यूटीएस अ‍ॅपमधल्यासारखा होता, पण रेल्वेच्या नोंदींशी त्याचा मेळ बसत नव्हता. जुन्या पासची माहिती बदलून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) मदतीने तो तयार केल्याचा आरोप असून कल्याण लोहमार्ग पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. ठाणे, डोंबिवली, कल्याण पट्ट्यातील अनेक प्रवासी आता खिशात कागदी पास ठेवत नाहीत. त्यामुळे पडद्यावर दिसते त्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न या एका गुन्ह्यापुरता उरत नाही.

मोबाइलमधील तिकीट म्हणजे नेमके काय?

प्रवासी जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन अ‍ॅपवरून पैसे भरतो, तेव्हा तिकिटाची खरी नोंद रेल्वेच्या सर्व्हरवर होते. तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो. कुठून कुठे, कोणत्या वर्गाचे, किती वाजता काढले हे सारे त्या नोंदीत असते. मोबाइलवर दिसते ते त्या नोंदीचे केवळ चित्र. अ‍ॅप उघडून ‘तिकीट दाखवा’ हा पर्याय निवडला की हे चित्र समोर येते. स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही, त्याचे कारण हेच. तो चित्राचेही चित्र असतो आणि त्याचा मूळ नोंदीशी काहीच संबंध राहत नाही.

एआयमुळे काय बदलले?

जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटाची नक्कल करायची तर छापखाना लागे. खोटे तिकीट बनवण्याचा खटाटोप तिकिटाच्या किमतीहून महाग पडत असे आणि तीच त्या तिकिटाची सुरक्षा होती. मोबाइलमधील तिकिटालाही काही वर्षे हे संरक्षण मिळाले. अ‍ॅपसारखे दिसणारे, रंग बदलणारे, हलणारी अक्षरे असणारे पान तयार करायला प्रोग्रामिंग यावे लागे. आता साध्या भाषेत सांगितले की एआय साधने तसे वेब पान काही मिनिटांत लिहून देतात. ब्राउझरमध्ये ते उघडले की घाईत पाहणाऱ्याला ते खऱ्या अ‍ॅपसारखेच वाटते.

म्हणजे एआयने रेल्वेचा सर्व्हर फोडलेला नाही. त्याने फक्त नक्कल स्वस्त केली आहे. पण ‘दिसते खरे, म्हणजे आहे खरे’ या समजुतीवर चालणारी कोणतीही व्यवस्था मोडायला तेवढे पुरेसे आहे.

हा प्रश्न फक्त रेल्वेचा आहे का?

नाही. दुकानदारांना तो आधीच भेटला. यूपीआयने ‘पैसे पाठवले’ असे दाखवणारे हिरवे पान दाखवून माल घेऊन जाण्याचे प्रकार घडले. ते पानही बनावट अ‍ॅपमधून तयार करता येते. भाजीवाल्यापासून वडापावच्या गाडीपर्यंत बोलणारी पेटी म्हणजेच साउंडबॉक्स पोहोचला, त्यामागे हेही कारण आहे. ही पेटी ग्राहकाच्या मोबाइलकडे पाहतच नाही. पैसे जमा झाल्याचा संदेश तिला थेट पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून येतो. ज्याच्यावर शंका आहे त्याच्याच हातातला पुरावा मानायचा नाही, हे तत्त्व तिथे रुजले. रेल्वे तपासणीत अजूनही बराच भार प्रवाशाच्या हातातल्या पडद्यावरच आहे.

मग प्रत्येक तिकीट सर्व्हरवर तपासले तर?

तिकिटाचा क्रमांक मूळ नोंदीशी ताडून पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. पण सकाळी साडेआठला डोंबिवलीहून सुटलेल्या गाडीत तो सोपा नाही. डब्यात उभे राहायला जागा नसते, शेकडो फोन एकाच मोबाइल मनोऱ्यावर ताण देत असतात आणि गाडी पुढच्या स्थानकात शिरायला काहीच मिनिटे असतात. प्रत्येक तपासणीला अर्धा मिनिट लागला, तरी तपासनीस एका डब्यातील मोजकेच प्रवासी पाहू शकतो.

दुसरा धोका एकाच जागी विसंबण्याचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. तो सायबर हल्ला नव्हता, चूक होती. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सर्व्हर किंवा नेटवर्क बंद पडले तर लोकल थांबत नाही. अशा वेळी ज्याने रीतसर पैसे भरले आहेत, तोच विनातिकीट ठरू नये, याचीही सोय व्यवस्थेत हवी.

नेटवर्क नसतानाही तिकीट तपासता येते का?

येते. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी वापरतात. तिकिटाचा तपशील क्यूआर कोडमध्ये ठेवताना रेल्वेने तो आपल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरीबद्ध करायचा. ती स्वाक्षरी पडताळणारी दुसरी, उघड किल्ली तपासनीसाच्या यंत्रात आधीच ठेवायची. कोड स्कॅन केला की यंत्र इंटरनेटशिवाय सांगू शकते की हा तपशील रेल्वेनेच दिलेला आहे. तारखेचा एक आकडा बदलला तरी पडताळणी फसते. गुप्त किल्ली हाती नसेल तर एआय कितीही हुशार असले तरी ही स्वाक्षरी बनवू शकत नाही. आधारवरील सुरक्षित क्यूआर कोड आणि कोविड काळातील लसीकरण प्रमाणपत्र याच तत्त्वावर उभे होते.

मात्र स्वाक्षरीने खाडाखोड पकडली जाते, प्रत पकडली जात नाही. एकाच खऱ्या पासचा कोड चार मित्रांनी वाटून घेतला, तर चौघांचीही स्वाक्षरी बरोबरच येईल. म्हणून पास ओळखपत्राशी जोडलेला हवा आणि तपासताना ओळखपत्र पाहिले गेले पाहिजे. शिवाय, पुढे नेटवर्क मिळाल्यावर स्कॅनच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर एकच पास एकाच वेळी ठाणे आणि कल्याणला दिसल्याचे उघड होईल.

स्थानकावरच्या क्यूआर कोडचे काय झाले?

हाच धडा तिथेही मिळाला. चढत्या गाडीत किंवा तपासनीस दिसल्यावर तिकीट काढले जाऊ नये म्हणून यूटीएस अ‍ॅप जीपीएसच्या आधारे स्थानकाच्या हद्दीत तिकीट देत नसे. पण उंच इमारतींमध्ये जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवते आणि स्थानकाला लागून असलेल्या रस्त्यावरही प्रवासी अडे. त्यांच्यासाठी स्थानकात क्यूआर कोड चिकटवले गेले. कोड स्कॅन केला की तिथेच तिकीट मिळे. कोड कायम एकच असल्याने त्याचे फोटो मोबाइलमधून फिरू लागले आणि धावत्या गाडीत बसून तिकीट काढणे शक्य झाले. प्रामाणिक प्रवाशासाठी केलेली सोय पळवाट ठरली. ठरावीक वेळाने बदलणारा कोड हे त्यावरचे उघड उत्तर आहे.

कायदा काय सांगतो? प्रवाशांनी काय करावे?

तिकीट नसणे आणि बनावट तिकीट बाळगणे यांत कायद्याने मोठा फरक केला आहे. पहिल्यात भाडे आणि किमान २५० रुपये अतिरिक्त आकार भरून सुटका होऊ शकते. दुसऱ्यात भारतीय न्याय संहितेची फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमे लागू शकतात. फसवणुकीसाठी बनावट इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज बनवल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

प्रामाणिक प्रवाशाने अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘स्वस्त पास’ देणारी एपीके फाइल उघडूच नये, कारण तीतून पास मिळो न मिळो, बँक खात्याची माहिती चोरीला जाऊ शकते. फलाटावर पाऊल ठेवण्याआधी तिकीट काढावे, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि बॅटरीकडे लक्ष द्यावे. फोन बंद पडला तर तिकीट काढल्याचे तपासनीसाला दाखवता येत नाही.

तपासणीची पद्धत बदलणे मात्र रेल्वेच्याच हाती आहे. दिसण्यावर विसंबून तपासणी चालू राहिली, तर पुढची नक्कल याहून हुबेहूब असेल आणि संशयाच्या नजरेचा त्रास रोज पास काढून प्रवास करणाऱ्यांनाच अधिक होईल.